अर्जीमामांनी सोडलेली कोरी जागा

अर्जीमामा देवाशी बोलत नसत, त्याला अर्ज करत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे रविवारी ते प्रार्थनेला उभे राहिले, की आधी घसा साफ करत, कोटाची वरची गुंडी लावत आणि म्हणत, "हे स्वर्गीय पित्या, विनंती विशेष. मुद्दा पहिला." मुद्दे सहसा सात असत. पाचव्याच्या सुमारास माझ्या आईचा डोळा लागे.

मामा म्हणजे आईचे मानलेले भाऊ, आमचे शेजारी. ग्वाल्हेर दरबारच्या कचेरीत कारकून. दरबार गेला, संस्थान विलीन झालं, कचेरी नव्या मध्य भारत राज्याची झाली, तरी मामांचं टेबल तेच राहिलं. तिथला रिवाज असा, की कारकुनाने प्रकरणाचा गोषवारा लिहायचा आणि खाली हुकूमही आपणच सुचवायचा. साहेब नुसती सही ठोकत. आपण सुचवलेला हुकूम आजवर एकाही साहेबाने बदलला नाही, याचा मामांना कोण अभिमान! तोच रिवाज त्यांनी देवालाही लावला होता. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून ते म्हणाले, "मुद्दा तिसरा, ताप. शुक्रवारपर्यंत उतरावा, येणेप्रमाणे हुकूम व्हावा." ताप उतरला रविवारी. "दोन दिवस टपालात गेले असतील," मामा म्हणाले.

हसायचं तर खुशाल हसा, पण त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला, एक म्हातारा अंथरुणाला खिळून होता. त्याची दाढी करायला मामा दर शनिवारी सायकलवरून जात, वस्तरा धारेचा आहे की नाही ते आधी स्वतःच्या गालावर बघून. पादरीसाहेब महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार मामांचेच. उन्हाळ्यात कचेरी इंदूरला हाले, तेव्हाही मामांचं नाव मागे राहणाऱ्यांत निघे. "अर्ज मंजूर!" असं म्हणत ते नई सडकेवरून जिलेबी घेऊन येत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. या वेळी जाणाऱ्यांच्या यादीत मामांचं नाव होतं. ते गेले तर मराठी प्रार्थना बंद पडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मामांनी अकरा मुद्द्यांचा अर्ज तयार केला. मामींचे गुडघे, हजीऱ्याचा म्हातारा, रविवारची मंडळी, काही म्हणून सोडलं नाही. उपासना संपल्यावर मी गीतांची पुस्तकं गोळा करत होते, तेव्हा त्यांनी तो मामींना वाचून दाखवला. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "देवाला एखादी ओळ तरी लिहू द्याल की नाही?"

मामांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. इतक्या वर्षांत कुठल्या साहेबाने त्यांना असा शेरा मारला नव्हता.

पुढच्या रविवारी उभे राहिले. गुंडी लावली. "विनंती विशेष," म्हणाले. "मुद्दा एकच. भोपाळ. मला जायचं नाही, हे तुला ठाऊक आहे. खालची जागा कोरी सोडली आहे. तू लिहिशील ते मला मान्य. आमेन." आईला डोळा लागायलाही वेळ मिळाला नाही.

यादी बदलली नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, भयंकर चिडले. "मामा, उसने तो सुना ही नहीं!"

"ऐकलं ना बेटा. नाही म्हणाला. नाही हा पण हुकूमच असतो, एकदम पक्का." मग सामान बांधता बांधता म्हणाले, "आता रविवार तू सांभाळ."

"मी? उभं राहिलं की माझे पाय थरथरतात."

"माझे पण थरथरतात. म्हणून तर गुंडी लावतो. हाताला काही काम हवं."

दोन महिन्यांनी पत्र आलं. भोपाळला नागपूरहून बदलून आलेले काही मराठी ख्रिस्ती कारकून होते. घरची आठवण काढत बसलेले, रविवारी कुठे जावं ते न कळणारे. आता ते मामांच्या खोलीत जमत. "हे माझ्या अकरा मुद्द्यांत नव्हतं," मामांनी लिहिलं होतं. "मला सुचलंच नसतं."

इकडे मी रविवार सांभाळत होते. बऱ्याच वर्षांनी मामा फार आजारी असल्याची तार आली. मंडळीपुढे उभी राहिले तेव्हा माझ्याकडेही आठ मुद्दे तयार होते, आणि शेवटी काय हुकूम व्हावा तेही. हात आपोआप गळ्याशी गेला. गुंडी कुठली असायला, पदरच घट्ट धरला. "मुद्दा एकच," मी म्हणाले. "मामा. ते आम्हाला हवे आहेत, हे तुला ठाऊक आहे." पुढची जागा कोरी सोडली. इतकं जड काम मी दुसरं केलेलं नाही.

मामा त्याच आठवड्यात गेले. मी भोपाळला पोचले तेव्हा मामी शांत होत्या. म्हणाल्या, शेवटच्या सकाळी मामा हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. मामींनी विचारलं, "काय मागितलंत?"

"मागितलं काही नाही," मामा म्हणाले होते. "हुकूम मिळाला. पोच दिली."