दार मिळेपर्यंत

गोंदिया जिल्ह्यात जेवढी म्हणून जुनी दारं शिल्लक आहेत, त्या सगळ्यांना माझ्या भाऊजींनी एकदा तरी हात लावलेला आहे, आणि त्यातली निम्मी त्यांनी हुंगलेलीही आहेत. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे टेम्पो आहे, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे आमगावपासून सालेकसापर्यंतच्या कितीतरी गावांत मी सीटवर बसून जांभया दिल्या आहेत आणि हा साठीला टेकलेला माणूस कोणाच्या तरी गोठ्यात पडलेल्या दारावर नाक टेकवून ओणवा झालेला या डोळ्यांनी पाहिला आहे. सागवान असलं की ते डोळे मिटायचे. बिजाचं लाकूड असलं की नुसतं 'हूं' म्हणायचे. आणि आंब्याचं निघालं तर घरमालकाकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्याला आपल्या हातून काहीतरी पाप झालंय असं वाटावं.

भाऊजींचं गोंदियात पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. ताई आणि ते बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, तेही वरच्या मजल्यावर, आणि खालची घरमालकीण अशी, की ताईच्या घागरीत अर्धं पाणी पडलं की वरचा नळ बंद करायची. मूलबाळ नाही. ताईचं मागणं एकच होतं: आपलं स्वतःचं स्वयंपाकघर असावं आणि त्यात कोणाला न विचारता पाणी सांडावं. गोंदियाला लागूनच कुडव्याला प्लॉट घेतला तेव्हा ती मला म्हणाली होती, "बाबू, एकदा माह्या घरी माह्या चुलीवर भात शिजू दे, मंग मी मोकळी." भिंती उठल्या, स्लॅब पडला, ओटाही झाला. फक्त समोरचं दार राहिलं. त्या 'फक्त'मध्ये तीन वर्षं गेली.

कारण भाऊजींना नवीन दार चालत नव्हतं. "साळेबुवा, नवीन दार म्हणजे नवीन चपरासी," ते मला सांगत, "उभा राहते, पण त्याले माणूस वळखता येत नाही." दार जुनं हवं, दोन फळ्यांचं हवं, बिजागरीवर नव्हे तर लाकडाच्याच खुंट्यावर फिरणारं हवं, आणि उघडताना त्याने आवाज केला पाहिजे, पण कण्हता कामा नये. मिस्त्री विचारायचा, समोरच्या भिंतीत जागा केवढी सोडू? भाऊजी म्हणायचे, दार येईल तेव्हा दारालाच विचारू. मिस्त्री दोनदा भांडून गेला आणि तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. तिथे टिनाचा पत्रा तारेने बांधून ठेवला होता. दर रविवारी ताई ती तार सोडायची, रिकामं घर झाडायची, ओट्यावर ओलं फडकं फिरवायची, पुन्हा तार बांधायची आणि माझ्या टेम्पोत बसून भाड्याच्या खोलीवर परत यायची.

दार पाहण्याची त्यांची रीत पाहिली असती तर तुम्हीही कपाळावर हात मारला असता. लोक स्लॅबची घरं बांधताहेत आणि जुनी दारं कोंबड्यांच्या खुराड्याला लावताहेत हे खरं, पण भाऊजी त्या खुराड्यासमोर पाटावर बसल्यासारखे बसायचे. दार वीस वेळा उघडायचे, वीस वेळा लावायचे, कोंबड्या जीव घेऊन पळायच्या. मग ते दाराच्या मालकांना विचारायचे: घरात किती वर्षं होतं, कोणत्या दिशेला होतं, कोणी कधी आपटून लावलं होतं का? आमगावजवळच्या एका खेड्यात एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना. "काऊन जी," ती म्हणाली, "दार पाहून राहिले का सून?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "माय, सून पसंत पडली नाही तर माहेरी पाठवता येते. दार कुठं पाठवू?" म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं, यांना घरी कोणी आहे ना म्हणून.

आलमाऱ्या आणि पेट्यांचं तर आणखीच निराळं. आलमारी घ्यायची तर भाऊजी आधी तिच्या आत जाऊन बसायचे. "ज्यात माणूस मावत नाही, त्यात संसार काय मावणार?" आमगावच्या एका व्यापाऱ्याकडे शिसवी आलमारी होती, माणसाहून उंच. भाऊजी फळ्या काढून आत शिरले, दार ओढून घेतलं, आणि बाहेरची कडी आपोआप खाली पडून कोयंड्यात बसली. व्यापारी चहा सांगायला गेलेला. मी टेम्पोत. घरातल्या सुनेला आलमारीतून धडधड ऐकू आली तेव्हा ती किंचाळत अंगणात धावली, शेजारी काठ्या घेऊन आले. एकाने देवाचं नाव घेत कडी काढली. आत भाऊजी मांडी घालून, घामाने निथळत बसले होते. आणि पहिलं वाक्य काय बोलावं या माणसाने? "कडी एक नंबर हाय!" ती आलमारी त्यांनी घेतली. भाड्याच्या खोलीत ती आल्यावर ताईची खाट गॅलरीत गेली. पुढे दोन पेट्या आल्या, धान्याची लाकडी कोठी आली, पसंत पडता पडता नापसंत झालेली चार दारं भिंतीला टेकून उभी राहिली. पाहुणा आला की तो कुठल्या दाराने आत जायचं या विचारात पडायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "ताई, घरात चार दारं आणि घराला एक नाही! बोलत काऊन नाहीस त्यांना?" ताई हसून म्हणाली, "काय बोलू रे? माह्यासाठीच शोधून राहिले ना." ती हसली म्हणून मीही हसलो. तेव्हा नसतो हसलो तर बरं झालं असतं.

शेवटी दार मिळालं. सालेकसाकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. सागवानाचं, काळंभोर, चौकटीसकट. भाऊजींनी हुंगलं, वाजवलं, उघडलं, लावलं, आणि खाली बसले ते उठेनात. त्यांचं सगळं लक्ष उंबरठ्यावर होतं. अखंड ओंडक्याचा उंबरठा, टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, येईल एवढा उंच. "असा उंबरठा असला ना साळेबुवा, की लक्ष्मी आली तर सहज बाहेर पडत नाही." परतीच्या वाटेवर टेम्पोत पुढे बसायचं सोडून ते मागे चौकटीला धरून उभे राहिले. कुडव्याला चौकट उभी केली त्या दिवशी ताईने हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आंब्याची डहाळी बांधली, आणि पदर खोचून तो उंबरठा ओलांडताना दोन्ही हातांनी चौकट धरून "अगा बाई, केवढा हा!" म्हणत खळखळून हसली. राहायला जायचं अक्षय तृतीयेला ठरलं.

त्याच्या आठ दिवस आधी ताईला लकवा मारला. उजवं अंग गेलं. नागपूरला नेलं, महिनाभर तिथे काढला. परत आणायची वेळ आली तेव्हा भाड्याच्या खोलीचा जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून सरळ कुडव्याला नेलं. चाकाच्या खुर्चीत बसवून ती खुर्ची भाऊजींनी ढकलत दारापर्यंत आणली आणि पुढची चाकं उंबरठ्याला जाऊन अडली. आम्ही सगळे त्या लाकडाकडे बघत उभे राहिलो. तीन वर्षं शोधून आणलेली ती वस्तू, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, मी आणि हे शेजारचे मिळून उचलतो." ताईचे शब्द तेव्हा जड झाले होते, पण हे तिने स्वच्छ म्हटलं: "मी का धानाचं पोतं आहो? माह्या घरात उचलून नको नेऊ."

भाऊजी शेजारच्या सुताराकडे गेले आणि करवत घेऊन आले. ज्याने त्या चौकटीत एक खिळा ठोकू दिला नव्हता, तो माणूस जमिनीवर उकिडवा बसला आणि उंबरठा कापू लागला. जुनं लाकूड ते, दगडासारखं. मागोमाग आलेला सुतार म्हणाला मी करतो, मी म्हणालो मी करतो, पण त्यांनी करवत सोडली नाही. दोन तास. ताई लिंबाच्या सावलीत खुर्चीत बसून बघत होती. मधे एकदा ती म्हणाली, "हळू जी, हात कापंल." तळहाताला फोड येऊन फुटले होते, तेव्हा कुठे तो ओंडका सुटला. मग त्यांनी भुसा हाताने बाजूला सारला आणि खुर्ची आत नेली, थेट स्वयंपाकघरात, ओट्यासमोर.

ताई त्या घरात सात महिने जगली. स्वयंपाक तिच्या हातून एकदाही झाला नाही. ती खुर्चीतून सांगायची आणि भाऊजी भात करायचे, कधी कच्चा, कधी करपलेला, आणि ती डाव्या हाताने तो सगळा संपवायची.

मागच्या महिन्यात मी कुडव्याला गेलो होतो. मी बसलेला असतानाच आमगावहून कोणाचा तरी फोन आला, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. नवीन लग्न झालेला मुलगा, घर बांधतोय, जुनं दार बसवायची हौस आहे, तुमच्याइतकं कोणाला कळत नाही म्हणतात, एकदा सोबत येता का? भाऊजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भिंती झाल्या का? चूल मांडता येते का?" पलीकडून हो आलं.

"मंग बापू, बाजारात आज जे दार भेटंल ते लाव," भाऊजी म्हणाले, "नाही भेटलं तर पडदा लाव. पण उद्याच्या उद्या बायकोले घेऊन राहायले जा."

फोन ठेवून ते उठले आणि ओल्या फडक्याने ओटा पुसू लागले.