मांडवाचे पैसे

उभ्या सातारा-सांगली भागात माझ्या थोरल्या साडूंइतका फेडाफेडीचा वेडा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर कृपा करून त्या दोघांची गाठ घालून देऊ नका, कारण एकमेकांचे उपकार फेडता फेडता दोघांचाही जन्म जायचा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत त्यांचं गाव. पावसाच्या भरवशावरची शेती, पंधरा-वीस शेळ्या, आणि ताठ मान. रिकामं भांडं परत करू नये, हे आपल्यात सगळेच पाळतात. चिमूटभर साखर घालतात आणि मोकळे होतात. दाजी मोकळे होत नाहीत. एका दिवाळीला आमच्या हिनं सांगलीहून त्यांना डबाभर करंज्या धाडल्या. डबा मटकीनं गच्च भरून परत आला. मटकीपुढं करंज्या फिक्या पडल्या म्हणून हिनं त्यात हळद भरून पाठवली. हळदीला उत्तर म्हणून तूप आलं, तुपाला उत्तर म्हणून बेदाणे गेले. तो डबा अजून एसटीनं फिरतोय, आणि मुळात तो कुणाचा होता याबद्दल दोघी बहिणींत आता एकमत नाही. दाजींना मोटारसायकलवर मागं बसवून आणा, उतरताना तुमच्या खिशात मूठभर शेंगा कोंबल्याशिवाय ते पाय उचलणार नाहीत. एका डॉक्टरांनी त्यांना फी न घेता तपासलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दाराला कोंबडा बांधलेला! डॉक्टर पडले सांगलीकडचे जैन. कापायचा तर प्रश्नच नव्हता. तो कोंबडा दवाखान्यातच म्हातारा झाला, आणि डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून ऐकायला लागले की नेमका आरवायचा.

दुसरी खोड याहून वाईट. हा माणूस कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे मिंधेपणा. आम्ही सांगलीत घर बदललं तेव्हा दाजी नवं घर बघायला आले. पत्ता माहीत नव्हता, आणि तो आम्हाला किंवा रस्त्यावरच्या एखाद्या भल्या माणसाला विचारावा, तर त्यात कमीपणा. भर उन्हात अख्खी विश्रामबाग पालथी घातली, संध्याकाळच्या गाडीनं परत गेले आणि घरी पोचल्यावर फोन केला, "पाव्हणं, तुमचं घर गावलं न्हाई, पर आळी लय झ्याक हाय." आता अशा माणसाला काय म्हणायचं?

आता सांगतो ती गोष्ट या दोन खोडींमुळेच घडली. दाजींना एक धाकटा भाऊ. वाशीच्या बाजारात माथाडी काम करतो. दाजींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. दाजींच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा धाकट्यानं भरल्या बैठकीत सांगितलं, "दादा, मांडवाचं पन्नास हजार माझं." आणि मग पत्रिका छापून आली. तिच्यात चुलत, मावस, आते, गावातली झाडून सगळी नावं होती, फक्त सख्ख्या चुलत्याचं तेवढं राहिलं होतं. छापखान्याची चूक. पण धाकटा रुसला, लग्नाला आला नाही आणि पैसेही आले नाहीत. दाजी म्हणाले, "रक्ताच्या माणसाला पत्रिका लागती व्हय रं?" पण हे ते माझ्याजवळ म्हणाले, त्याच्याजवळ नाही. तिथून आठ-नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, अधूनमधून डोळ्याला पदर लावायची. दाजी शेळ्यांकडं जायचे.

गेल्या वर्षी एके दिवशी दुपारी दाजींचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं लॉटरीच लागली. "पाव्हणं, धाकट्यानं मांडवाचं पैसं धाडलं! आत्ताच मेसेज आला. पुरं पन्नास हजार." मेसेजमध्ये एवढंच होतं, खात्यात पन्नास हजार जमा. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, "दाजी, बँकेत जाऊन कुणी पाठवले ते एकदा विचारून तरी घ्या." ते उखडलेच. "भाऊ पैसं देतो आन् मी बँकेत जाऊन इचारू, खरं हाय का म्हून? जनाची न्हाई तर मनाची तरी लाज हाय का न्हाई?" मग भावालाच फोन करा म्हटलं, तर म्हणाले, "तूच धाडलंस का म्हून इचारायचं? त्यो न बोलता देतोय, मीबी न बोलता घिन."

पण घेऊन गप्प बसतील तर ते दाजी कसले! आठवड्याच्या आत गावातून वाशीला निघालेल्या डाळिंबाच्या टेम्पोत एक पोतं बाजरी, पायलीभर मटकी आणि नवंकोरं घोंगडं चढवलं. निरोप काही नाही. आणि धाकटाही त्याच रक्ताचा. हे कशाबद्दल, म्हणून त्यानं विचारलं नाही. महिन्याभरानं जावेचाच आक्काला फोन आला. म्हणाली, "बाजरी पोचली, आक्का. ह्ये तर घोंगडं अंगावरनं काढंनात, म्हमईच्या उकाड्यात. यात्रेला यायचं म्हंत्यात." आक्का फोनवरच रडली. दाजींनी त्याच दिवशी गवंडी बोलावला. पुतण्या-पुतणी मुंबईची, त्यांची आबाळ नको, म्हणून त्या पन्नास हजारातून फरशी घातलेली मोरी आणि संडास बांधायला काढला.

टाइल्स बसल्या आणि बँकेचा फोन आला. पैसे चुकून आले होते. कुणाचे तरी दुसऱ्याच खात्यात जायचे ते एक आकडा चुकून दाजींच्या खात्यात पडले होते. मला आक्कानं बोलावून घेतलं. मी पोचलो तर ओट्यावर चारजण जमलेले, आणि एकजण दाजींना शिकवत होता, "चूक बँकेची हाय, तुमी कशाला देताय? बसू द्या बोंबलत." दाजींनी त्याला एवढंच विचारलं, "उद्या माझी शेळी वाट चुकून तुझ्या गोठ्यात आली, तर कापून खाशील व्हय रं?" तो चपला घालून निघाला. बाजाराच्या दिवशी दाजींनी दोन बोकड आणि सहा शेळ्या विकल्या. जन्मलेल्या दिवसापासून हातानं दूध पाजलेली एक शेळी त्यात होती. ती मागं वळून वळून बघत गेली, आणि दाजी तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

पैसे भरायला मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. पैसे परत करायचे ते मोकळ्या हातानं कसे, म्हणून दाजींनी काखोटीला शेंगांची पिशवी मारलेली. साहेब घाबरून म्हणाले, "अहो, हे चालत नाही, आत कॅमेरे आहेत!" शेवटी पिशवी शिपायानं घेतली. काउंटरवरच्या बाईंनी पावती दिली, माफी मागितली. आम्ही निघालो. दाजी दारापर्यंत गेले आणि परत वळले. काउंटरला दोन्ही हात टेकून त्यांनी विचारलं, "बाई, जरा नीट बघून सांगा. ह्ये पैसं वाशीवरनं आल्यालं न्हाईत, ह्ये नक्की का?" त्या बाईंनी खरंच पुन्हा बघितलं. "नाही काका," त्या म्हणाल्या. दाजींनी मान हलवली आणि टोपी सारखी केली. मला त्या क्षणी त्यांच्याकडं बघवेना.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "म्हंजी त्येचा राग अजून तसाच हाय. मी उगंच बाजरी धाडली." मी म्हटलं, "दाजी, यात्रेला येतायत ना ते? मग पैशाचं काढूच नका. झाकली मूठ राहू द्या."

यात्रेला धाकटा कुटुंबासह आला. पुतण्या पूर्वी दाजींच्या खांद्यावर बसून यात्रा बघायचा, त्याला आता मिसरूड फुटलेलं. दाजी सारखे त्याच्याकडंच बघत होते. दुपारी पंगत बसली, मटणाचा रस्सा वाढून झाला, आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. दाजी भाकरी चुरता चुरता थांबले. "धाकट्या, तुला खोटं सांगून जेवायचं न्हाई मला. मी बाजरी धाडली ती तू पैसं दिलंस म्हून. पैसं तुझं नव्हतंच. बँकेची चूक हुती, शेळ्या इकून परत केलं. तुझं न्हाईत ह्ये ठावं असतं, तर म्या दाणाबी धाडला नसता."

पंगतीतले हात थांबले. आक्कानं तोंडाला पदर लावला. धाकट्यानं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "म्हंजी बँक चुकली नसती, तर तू माझं नावबी घेतलं नसतंस?"

"न्हाई."

"बाजरी आली नसती, तर मीबी आलो नसतो, दादा."

मग आक्काच कडाडली, "बँक एक डाव चुकली आन् तिनं चूक निस्तारली. तुमी दोघं नऊ वर्सं चुकताय, मुडद्यांनो!" तिचा आवाज फुटला आणि दाजींच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

हात धुतल्यावर धाकट्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून जाडजूड पाकीट काढलं. म्हणाला, "दादा, मांडवाचं. बाजरी आली तवाच काढून ठेवलंवतं. शेळ्या परत आण." दाजींनी ते हळूच भावाकडं सरकवलं.

"नगं. आज घेतलं की फिटलं. फिटलं की तू तुझ्या वाटंनं, मी माझ्या. ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. देणं ऱ्हायलं की येणं ऱ्हातं."

धाकट्यानं पाकीट खिशात घातलं आणि थोरल्या भावाला चिकटून, लहान असताना बसत असेल तसा, भिंतीला टेकून बसला.