शरणागतीच्या खांबापाशी

अमेरिकेतल्या टूसॉन शहरातून निघालो तेव्हाच गाडीचा आवाज मला आवडला नव्हता. पण पुतण्या अविनाश म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, मी रोज ड्राइव्ह करतो." तो तिथे इंजिनिअरिंगचं शिकतो. मी कराडचा निवृत्त इतिहासशिक्षक, आणि हट्ट माझाच होता. अमेरिकन फौजेशी वर्षानुवर्षं झुंजलेला अपाची आदिवासींचा सेनानी जिथे शरण आला, तो मुलूख मला पाहायचा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

तीन तास नुसतं पिवळं गवत आणि काटेरी झुडपं. मागच्या सीटवर आमची ही गप्प बसली होती. जेवणाचा डबा उघडेना, तेव्हा कळलं की आज संकष्टी. मधुमेहाची गोळी मात्र सकाळी घेतली होती. मी चिडलो, तर म्हणाली, "चंद्रोदयाला सोडेन की." ऑगस्टातल्या वाळवंटात चंद्रोदयाला किती तास होते ते मी मोजत बसलो.

शरणागतीची घळ आत डोंगरात आहे. रस्त्याकडेला स्मारक म्हणून फक्त दगडांचा निमुळता खांब. तिथे पोचतो न पोचतो तोच बॉनेटमधून वाफ आली. "रेडिएटर गेला यार... सॉरी, काका," म्हणत अविनाश एका ट्रकमधून मदत आणायला गेला. आम्ही दोघं खांबाच्या हातभर सावलीत उभे राहिलो. पाणी संपत आलं होतं.

थोड्या वेळाने मागे उघडा हौदा असलेली एक पिकअप थांबली. साठीची एक बाई उतरली. सान कार्लोसच्या रिझर्वेशनवरची, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या मुलखातली, अपाची असल्याचं तिने सांगितलं. मला हायसं वाटलं आणि इतका वेळ दाबलेल्या भीतीपोटी माझी जीभ सुटली. आई, बायको आणि तीन मुलं एका दिवसात गमावलेला तो माणूस, त्याच्या लढाया, कैदेतच आलेलं मरण, सगळं मी तिला ऐकवलं. दर वाक्याला त्याचं नाव. तिला बरं वाटेल असं मला वाटत होतं. तिचा चेहरा मिटत गेला. ती पिकअपकडे वळली.

तेवढ्यात ही मटकन खाली बसली. हात थरथरत होते, कपाळ घामाने चिंब. मी "शुगर, शुगर" ओरडत राहिलो. एकुलती एक मदत आपण बडबडून घालवली, असं वाटलं.

बाई परत आली ती पाकातल्या पीचचा डबा घेऊनच. तिने हिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्याने पाक पाजला. पंधरा मिनिटांनी ही पुटपुटली, "फळच आहे ना? मग उपासाला चालतं." मला रडू आलं.

अविनाश येईपर्यंत बाई बसून होती. जाताना मला हळूच म्हणाली, "गेलेल्या माणसाला नावाने हाक मारू नये. तो वळून बघतो. त्याला खूप लांबून वळावं लागतं."

मी शरमलो. पस्तीस वर्षं वर्गात मी गेलेल्यांचीच नावं तर घेत आलो होतो. त्या माणसाने मरेपर्यंत आपल्या मुलखात परत पाठवा म्हणून विनवण्या केल्या होत्या, कुणी पाठवलं नाही. आणि मी त्याला तिथे हाका मारत होतो.

टूसॉनला आल्यावर हिने विचारलं, "ती काय म्हणाली हो?" मी सांगितलं. ही चादरीच्या घड्या करू लागली. मग म्हणाली, "मी गेले तर तुम्ही मात्र खुशाल हाक मारा. जन्मभर 'अगं'च म्हणालात. तेव्हा तरी नाव घ्या. मी वळेन."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ही झोपली की श्वास चालू आहे ना, ते बघायचो. मुंबईच्या विमानात ही खिडकीबाहेर पाहत होती. न राहवून मी म्हणालो, "वत्सला."

ती दचकून वळली. "काय झालं? बरं वाटत नाही का तुम्हाला?"