अडीच घरांची उडी

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, यार्डात गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या कवडू पॉइंट्समनच्या पोरीशी बुद्धिबळाला बसायचं म्हणजे भरल्या चौकात अब्रू पणाला लावायची, हे भल्याभल्या गार्डबाबूंना ठाऊक होतं. सत्यशीला तेव्हा कॉलेजात नुकती गेलेली. बाप्ये हरायचे, चहा अर्धा टाकून उठायचे, आणि कवडू मिशीतल्या मिशीत हसायचा. तिला शिकवलं त्यानेच, पण देशी पद्धतीने: राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा त्याला घोड्यासारखं अडीच घरं उडवायचं. यार्डात सगळे असेच खेळत.

छत्तीसगड नवं राज्य झालं, आणि मुलींचा संघ निवडायला शहरातल्या सिविक सेंटरजवळच्या एका हॉलमध्ये स्पर्धा लागली. तिथे ही उडी चालत नाही, राजाला आडोसा हवा तर हत्तीला घेऊन किल्लेकोट करायचा, हे सत्यशीला घोकून गेली होती. जिंकतही गेली. शेवटचा डाव नुसता बरोबरीत सुटला असता तरी संघातली जागा पक्की होती. बाप नाइट ड्युटी करून तसाच आलेला, दोरीपलीकडे उभा.

आणि घात झाला. राजा आडोशाला न्यायची वेळ आली तेव्हा तिच्या हाताने तो उचलला आणि घरच्यासारखा अडीच घरं उडवला. समोरच्या मुलीने पंचांना बोलवायला हात वर केला. पंच म्हणाले, चाल चुकीची, पण हात राजाला लागलाय, आता तोच हलवा. किल्लेकोटाच्या वाटेत अजून उंट उभा होता; राजा एक घर सरकला, एकदा हललेल्या राजाला किल्लेकोट नाही म्हणून तोही गेला, आणि उघड्यावर पडलेल्या त्या राजाला वाचवता वाचवता डावही गेला.

परतताना बसमध्ये कवडू म्हणाला, "मीनंच तुले गलत शिकवलं, बाई."

"नाही बाबा," एवढंच तर म्हणायचं होतं! पण पोर रागाने धुमसत होती, ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर कवडूने पट माळ्यावर टाकला. यार्डातही तो पुन्हा खेळला नाही, आणि तीही कुठल्या स्पर्धेला गेली नाही. पुढे लग्न झालं, नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर ती बसू लागली. बापलेकीत सगळं बोलणं व्हायचं, एवढं एक सोडून.

यंदा आई गेली. एकटा पडलेला म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, हे सत्यशीलाला बघवेना. एका रविवारी तिने माळ्यावरून पट काढला, पुसला आणि त्याच्यापुढे मांडला. म्हातारा खेळला, चांगला खेळला, पण राजा कोपऱ्यात कोंडला गेला. शह अजून बसला नव्हता.

"बाबा, उडी मारा न. आपल्या घरात चालते. कावून थांबून राहिले?"

कवडूने नकारार्थी मान हलवली.

तिने पटावरचा हात मागे घेतला. "चूक माही होती, बाबा. मले नियम मालूम होता. तुमी गलत नाही शिकवलं."

कवडूने राजावर बोट ठेवलं. "हे तवाच बोलली असती तं," तो म्हणाला, "आपुन इतके वर्स खेळलो असतो, बाई."

आणि त्याने राजा एकच घर सरकवला.