एकसष्ट मतं

आर्डिस टॉलेफसनबाईंनी पस्तीस वर्षं नॉर्डालेनचं पोस्ट सांभाळलं. एवढ्या काळात त्यांनी एक पत्र हरवलं नाही आणि कुणाची भीडही ठेवली नाही. नॉर्डालेन म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारं गाव. इथे कुणाचा केक करपला, तर लोक आणखी एक घास घेऊन म्हणतात, "जरा वेगळाच झालाय." आर्डिसबाई म्हणायच्या, "करपलाय." तरी बायका केक आधी त्यांनाच चाखायला द्यायच्या, हेही खरं.

त्यांचा धाकटा भाऊ वेंडेल ब्राटेन आठ वर्षं राज्याचा गव्हर्नर होता. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत त्याला एका गुरांच्या डॉक्टरने पाडलं. हा डॉक्टर तोवर गाईंशिवाय फारसा कुणाला माहीत नव्हता. वेंडेल पडेल असं खुद्द डॉक्टरलाही वाटलं नसावं. त्यात वर्तमानपत्राने गावोगावची मतं छापली. वेंडेलचं जन्मगाव नॉर्डालेन, एकूण मतं दोनशे बारा, पैकी वेंडेलला एकसष्ट.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी वेंडेलने खर्च वाचवायला अकरा गावांतले वृद्धाश्रम बंद केले, त्यात नॉर्डालेनचाही होता. आर्डिसबाईंचे यजमान ओर्विल अर्धांगाचा झटका आल्यापासून तिथेच होते, घरापासून तीन गल्ल्यांवर. त्यांना उचलून त्रेचाळीस मैलांवर नेऊन ठेवलं. बाईंनी भावाला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'प्रिय श्रीमती टॉलेफसन, आपल्या भावना गव्हर्नरसाहेबांपर्यंत पोचल्या आहेत.' खाली वेंडेलची सही. जन्मभर शिक्के मारलेली बाई ती. सही रबराची आहे हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. तेव्हापासून त्या रोज गाडी काढून ओर्विलकडे जात होत्या. भावाला त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

आता पडलेला गव्हर्नर आईवडिलांच्या माघारी रिकाम्या पडलेल्या घरी परत राहायला आला. शनिवारी चर्चच्या तळघरात गावाने त्याला जेवण दिलं. खिमा-बटाटे घालून भट्टीत भाजलेलं हॉटडिश होतं, लोणी-साखर लावलेले लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या, आणि कपाचा तळ दिसेल अशी कॉफी. जो तो वेंडेलचा हात दोन्ही हातांत धरून सांगत होता, "आम्ही तर बाबा मत तुलाच दिलं." बस चालवणारा, न्हावी, खुद्द पाद्रीसाहेब. वेंडेल तोंड भरून हसून प्रत्येकाचे आभार मानत होता. स्कारबाईंच्या अंगणात गुरुवारपर्यंत डॉक्टरच्या नावाची पाटी होती, पण त्यांनी तर डोळ्यांना रुमालही लावला. मतदान म्हणजे झाकली मूठ, तेव्हा कुणाला काय भीती! कॉफी ओतता ओतता बाई मनात मोजत होत्या. दीडशेवर गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं.

खरं तर त्या घाबरल्या होत्या. वेंडेल आपल्यालाही विचारणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ओर्विलनंतर आपलं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि दोन वर्षांचा अबोला संपवून ते दाराशी आलेलं. कप विसळताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक थाप घोकून ठेवली. सगळ्या गावाला जमली, मग आपल्याला का जमू नये?

वेंडेल फडकं घेऊन कप पुसायला आला.

"पेपर मीही वाचतो, आर्डिस," तो हळूच म्हणाला. "तिथे एकसष्ट आहेत. इथे आत्तापर्यंत दीडशे तरी झाले. तू तरी दिलंस ना?"

थाप अगदी जिभेवर होती.

"नाही," आर्डिसबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्या गुरांच्या डॉक्टरला?"

"हो. तो निदान गोठ्यात येऊन बघतो तरी."

वेंडेल एकच बशी कितीतरी वेळ पुसत राहिला. बाईंनी मग पत्राचं सांगितलं. आपल्याला ते मिळालंच नाही, असं तो म्हणाला, आणि हे जास्तच वाईट आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

"किती लांब आहे ते?" त्याने विचारलं.

"त्रेचाळीस मैल. बर्फ असला की सव्वा तास."

"उद्या मी नेतो तुला."

"तू? आठ वर्षं मागच्या सीटवर बसलायस. खड्ड्यात घालशील मला."

पण भाऊ तुटला नाही, एवढ्यानेच बाईंना रडू फुटलं. डोळ्यांत साबण गेला म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. म्हणजे थाप शेवटी मारलीच.

रविवारी वेंडेलने गाडी इतकी जपून चालवली की एक ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. ओर्विल चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी बसले होते. झटक्यानंतर त्यांना शब्द एकेक करून गोळा करावा लागे. वेंडेल टोपी हातात घेऊन समोर उभा राहिला.

"वेंडेल," ओर्विल म्हणाले. "मी... तुला... दिलं."

वेंडेल कालच्यासारखंच तोंड भरून हसला आणि आभार मानायला लागला.

"नुसतं हसू नकोस," आर्डिसबाई म्हणाल्या. "हा खरं बोलतोय. पोस्टाने मत पाठवलं, तेव्हा खूण करताना याचा हात मीच धरला होता. दोनदा विचारलं, अरे, वेंडेलनेच तुला इथे आणून टाकलं ना? तर म्हणतो, असू दे, आपला पोरगा आहे."

वेंडेलचं हसू गेलं. त्याने खुर्ची ओढली, ओर्विलचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दुपारचं जेवण येईपर्यंत सोडला नाही.