लॅमिनेशन केलेले क्रिकेटर

आमच्या लहानपणी बबलगमबरोबर क्रिकेटपटूचं कार्ड मिळायचं. पुढे फोटो, मागे रन किंवा विकेट. छपाई इतकी भिकार की एखाद्या फलंदाजाची मिशी ओठाखाली उतरलेली असायची. त्या कार्डांचा पूर्ण सेट जमवणारी माणसं आज नवी मुंबईत मोजकीच आहेत, आणि आम्ही एकमेकांना फारसं सहनही करत नाही. कोणाकडे काय नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि रडवल्याशिवाय कोणी काही देत नाही. माझा शेवटचा राहिलेला यष्टिरक्षक नेरूळच्या एका खडूस गृहस्थाकडे होता. माझा फुटबॉलचा अख्खा सेट त्यांनी त्याच्या बदल्यात घेतला. घरी आलो, यष्टिरक्षक पाकिटात सरकवला आणि दार लावून रडलो.

रडायला कारण होतं. लहानपणी हाच सेट मी जवळजवळ पूर्ण केला होता. नववीत गणितात नापास झालो त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो डबा काढला आणि एकेक कार्ड माझ्यासमोर फाडलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. एक कार्ड, दोन तुकडे, पुढचं कार्ड. अण्णा साताऱ्याकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून. त्यांनी मारलं असतं तर मी विसरलो असतो. त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते जेवलास का, आलास का, एवढंच. आई होती तोवर ती दोघांचे निरोप पोचवायची. ती गेल्यावर तेही बंद पडलं.

चाळिशीत मी सेट पुन्हा जमवायला घेतला तो हौस म्हणून नव्हे. मला तो अण्णांना दाखवायचा होता. दाखवून काय होणार होतं, हे मात्र तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग अण्णांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही, त्यावरून काय ते आम्ही समजलो, आणि अण्णाही समजले. यष्टिरक्षक मिळाल्यावर मी एका सकाळी पूर्ण सेट त्यांच्या पलंगावर मांडला. त्यांनी सगळ्या कार्डांवरून नजर फिरवली आणि कुशीवर वळले. मी सगळं गोळा करून कपाटात ठेवलं आणि चडफडत कामाला गेलो.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला पुण्याला जावं लागलं. परत आलो तर अण्णा उशीला टेकून बसलेले, चक्क दाढी केलेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला होता.

"ती पिशवी दे त्येला," अण्णा तिला म्हणाले.

पिशवीत माझा सेट होता. प्रत्येक कार्ड लॅमिनेट केलेलं, आधारकार्ड करतात तसं जाड आणि चकचकीत. खाली जरा बसून येतो असं बायकोला सांगून अण्णा जिना उतरले आणि रिक्षा करून सेक्टरातल्या झेरॉक्सवाल्याकडे एकटेच गेले होते. झेरॉक्सवाला भला माणूस. त्याने कार्डांच्या वेड्यावाकड्या कडाही सरळ कापून दिल्या होत्या.

लॅमिनेशन केलेलं कार्ड आमच्या लेखी मेलं. प्लास्टिक सोलायला जावं तर छपाई सोबत निघते. त्यात कडा कापल्या, म्हणजे मापही गेलं. माझं डोकं तडकलं. शिवी अगदी ओठावर आली होती, तेवढ्यात बायकोने डोळे वटारले.

"बघ की वाकवून," अण्णा म्हणाले. "आता कुनाच्या बापाला फाटायची न्हाईत."

इतक्या वर्षांत कार्डं फाडण्याचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला होता. मी एक कार्ड वाकवलं. सोडल्यावर ते सरळ झालं.

"छान झालंय, अण्णा."

"खाडीची हवा वली. कागुद टिकत न्हाई." मग भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "राग हाय का रं अजून?"

"नाही."

"खरं?"

"खरंच नाही, अण्णा."

त्यांनी माझं मनगट पकडलं. हात धरायची सवय नव्हती त्यांना. त्या दुपारी ते औषधाशिवाय गाढ झोपले. पुढे आल्यागेल्याला सांगत राहिले की, पोराचा सेट मी पक्का करून दिला. थंडी सुरू व्हायच्या आत गेले, अगदी शांतपणे.

बायको म्हणते, त्या दिवशी तुम्ही पुण्य केलंत. मला तसं काही वाटत नाही. राग होता, पहिल्यापेक्षा दुप्पट होता, आणि ज्यांच्यावर होता त्यांनाच मी नाही म्हणून सांगितलं. अण्णा मोकळे होऊन गेले. मला मात्र रागावल्याशिवाय त्यांची आठवण काढता येत नाही.