आडवा राहिलेला कॉक

…तर स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस टेलिफोनवर सासऱ्याची बोलणी खातोय. आमच्या धाकट्याची इंजिनाचा आवाज ओळखायची ती रीत.

धाकटा म्हणजे गॅरेजवाल्या मोठ्या मिस्त्रींचा धाकटा मुलगा. आता त्याचे केस पिकले, घरात सून आली, पण गल्लीसाठी तो अजून धाकटाच. आवाज वरून टिकटिक येत असेल तर म्हणायचा, "टॅपेट बोलतंय, बोलू दे, बायकोसारखं आहे, बोलून थांबेल." मागून त्याची बायको ओरडायची, "ऐकू येतंय मला!" पण खालून धप धप असा दबका आवाज आला की थट्टा बंद. हात वर करून इंजिन बंद करायला लावायचा. तो आवाज बिग एंडचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या बेअरिंगचा. तिथे तेल पोचलं नाही तर सगळं संपलं.

मोठ्या मिस्त्रींची स्वतःची एक जुनी मोटारसायकल होती. तरुणपणी भंगारातून उचललेली आणि एकेक नट शोधून उभी केलेली. पोरांना त्यांनी कधी कडेवर घेतलं असेल नसेल, गाडीवर मात्र रोज फडकं फिरायचं. गाडीला एकच खोड होती. उभी राहिली की वंगणाच्या वरच्या टाकीतलं तेल झिरपत खाली इंजिनात उतरायचं, आणि सुरू केली की धूर असा की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. धाकट्याने त्यावर तोडगा काढला. टाकीखालच्या नळीत एक छोटा पितळी कॉक बसवला. गाडी लावली की कॉक आडवा, तेल बंद. काढायची झाली की उभा, तेल चालू. पण कॉक आडवा असताना कुणी किक मारली तर इंजिन कोरडं पळणार. म्हणून त्याने घरात नियम केला की कॉक बंद करणाऱ्याने किकला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की आधी कॉक उघडायचा, मग किक. साधी गोष्ट. बरीच वर्षं बिनबोभाट चालली.

त्या दिवशी सकाळी धाकट्याने गाडी चालवून बघितली, आवाज ऐकला, तेलाच्या प्रेशरचा काटा पाहिला आणि गाडी दाराशी लावली. थोरला, म्हणजे त्याचा मोठा भाऊ, दुपारी व्याह्यांना गाडी दाखवायला नेणार होता, म्हणून धाकट्याने कॉक उघडाच ठेवला. मोठे मिस्त्री खुर्चीवर ऊन खात बसले होते. दुपारी थोरल्याने किक मारली आणि ऐटीत निघाला. थोड्या वेळाने गाडी ढकलत परत आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, तोंड पडलेलं.

"काय झालं रे दादा?" धाकट्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझ्या हातची गाडी! आधी खडखड, मग धाडधाड, मग जागच्या जागी जाम."

"काटा बघितला होतास?"

"खाली पडला होता. पण त्या काट्याचं वय झालंय, मला वाटलं झोपला असेल."

धाकट्याने किक दाबून पाहिली, हलेना. टाकीचं झाकण काढलं, तर तेल सकाळी होतं तेवढंच. खालची नळी सोडली, तर आत थेंब नाही. मग टाकीखाली हात घातला आणि तसाच थांबला. कॉक आडवा होता.

"चिंधी कुठे आहे?" तो म्हणाला.

दोघांनी किककडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. मोठे मिस्त्री लाल चिंधीने चष्मा पुसत होते.

झालं होतं ते असं. उभी गाडी दिसली, जुन्या सवयीने म्हाताऱ्याने वाकून कॉक बंद केला. चिंधी घेतली, पण बोटं थरथरायची, गाठ बसली नसेल. बसले खुर्चीत, आणि बसता बसता सगळं विसरले. आता मान वर करून विचारत होते, "कुणी मारलं माझं इंजिन?"

धाकटा तोंड उघडणार, तेवढ्यात थोरल्याने त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं. मी गॅरेजच्या दाराशी फळीवर बसून सगळं बघत-ऐकत होतो.

"घे तू अंगावर," थोरला म्हणाला. "त्यांना कळलं तर खचतील."

"मग तू घे की. किक तूच मारलीस."

"अरे, मी काय मिस्त्री आहे? मी घेतलं तर त्यांना पटेल तरी का?"

आणि धाकट्याने घेतलं. बाहेर येऊन म्हणाला, "माझ्याकडून कॉक उघडायचा राहिला, बाबा."

तिथून त्याच्या मागे साडेसाती लागली. म्हातारा दिवसभर गॅरेजच्या दाराशी. येणाऱ्याला आधी नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य, "याच्याकडे टाकताय गाडी? यानं बापाचं इंजिन कोरडं पळवलं!" लोक हसायचे आणि दुसऱ्या खेपेला यायचे नाहीत. बाप सांगतोय म्हटल्यावर मुलावर कोण विश्वास ठेवणार? जुन्या गाड्यांची रांग लागायची तिथे सायकलींना हवा भरायचं काम उरलं. थोरला रविवारी यायचा, बापाच्या पायाशी बसायचा, आणि बाप म्हणायचे, "तू तरी नीट निघालास." थोरला मान खाली घालून चहा प्यायचा. चहाबरोबर तेही प्यायचा. धाकट्याची बायको एकदा भडकून म्हणाली, "खरं सांगून टाका ना!" तर धाकटा म्हणाला, "म्हातारं माणूस आहे, राहू दे."

मग माझ्या गाडीचा काटा पडायला लागला. गार असताना ठीक, तापली की खाली. मी गाडी सरळ धाकट्याकडे नेली. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, आणि खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. "खालून आवाज नाही, काका. बेअरिंग शाबूत आहे. प्रेशरची स्प्रिंग थकलेली दिसते, उघडून बघतो."

खुर्चीतून आवाज आला, "अहो, देऊ नका त्याच्याकडे! तुमचंही इंजिन जाईल. त्याला मिस्त्री कोण म्हणतो? माझ्या हाताखाली शिकला आणि माझंच नाव घालवलं!"

मी म्हणालो, "मिस्त्री, जाऊ द्या की आता."

"का जाऊ द्या? विचारा त्याला, कॉक कुणी बंद ठेवला!"

रविवार होता. थोरला पायाशी बसलेलाच होता, कप हातात. तो नुसता डोळ्यांनी धाकट्याला विनवत होता. धाकट्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या गाडीच्या सीटवर ठेवला, हात पुसले आणि बापासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"बाबा, कॉक तुम्ही बंद केलात. चिंधी तुमच्या हातात होती, दादाने पाहिली, मी पाहिली, या काकांनीही पाहिली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो, आणि तुम्ही दारात बसून माझा धंदा बसवलात. आता वाटू दे वाईट. आणि दादा, चहा झाला असेल तर कप आत ठेव, मला इथे इंजिन उघडायचंय."